रोज रोज भारतीय असल्याचा पुरावा देत बसू नकोस

प्रिय बाळा,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. दोन ओळींत काहीतरी टाइप करून पाठवावं असं वाटेना म्हणून आज निवांत बसून लिहितेय. लांबलचक होणार आहे, वेळ मिळेल तसं वाच. "मावशी, मी इथलाच आहे हे अजून किती वेळा सांगायचं?" असं विचारलंयस. माझं उत्तर आधीच देऊन टाकते, मग बाकीचं बोलू. जिथे समोरच्याला कायद्याने विचारायचा अधिकार आहे तिथे शांतपणे कागद दाखवायचा आणि मोकळं व्हायचं. बाकी सगळीकडे तुझी मर्जी. वाटलं तर सांग, नाही वाटलं तर नको सांगूस, आणि नाही सांगितलंस म्हणून तुझं इथलं असणं तसूभरही कमी होत नाही.

कायद्याचा प्रश्न आणि लोकांचं कुतूहल हे दोन एकमेकांत मिसळले की माणूस दमतो, आणि तुझं सध्या तेच झालंय असं मला वाटतं. टांझानियाच्या बाबांवर गेलेला तुझा चेहरा बघून बस स्टॉपवरचा काका तू कुठला ते विचारतो, कॉलेजचा क्लार्क विचारतो, मित्राची आजी विचारते, आणि तू प्रत्येकाला सारख्याच कळकळीने आईचं गाव सातारा, जन्म पुण्याचा, शाळा मराठी, असं सगळं सांगत बसतोस. काकाला तुझ्या नागरिकत्वाशी काही देणंघेणं नाही. क्लार्कला असू शकतं, तेही फॉर्मच्या एका कॉलमपुरतं.

आधी कायद्याचं बघू, कारण ते सोपं आहे आणि तिथे माझ्या वकिलीचा थोडा उपयोग होईल. तुझा जन्म पुण्यातला, २००५ चा. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे भारतात जन्मलेल्या मुलासाठी नियम असा आहे की आईवडील दोघे भारतीय नागरिक हवेत, किंवा एक भारतीय असेल तर दुसरा मुलाच्या जन्माच्या वेळी बेकायदेशीर स्थलांतरित नसावा. तुझी आई भारतीय, बाबा टांझानियाच्या पासपोर्टवर रीतसर व्हिसा घेऊन राहत होते, विषय संपला. माझा जन्म १९७९ चा. तेव्हा तर परकीय राजदूतांची मुलं वगैरे अपवाद सोडले तर इथे जन्म झाला एवढंच पुरायचं, माझे बाबा सुदानचे होते याने काहीच फरक पडला नाही. १ जुलै १९८७ पासून ते २००४ च्या त्या तारखेपर्यंत जे जन्मले त्यांच्यासाठी दोघांपैकी एक भारतीय असला की झालं. हे सगळं १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे. एकदा प्रिंट काढून स्वतः वाच, मी सांगते म्हणून विश्वास ठेवू नकोस. त्यात जन्माची तारीख आहे, आईवडिलांचं नागरिकत्व आहे, पण रंग, केस, नाक, आडनाव यातलं काहीही नाही. संविधानात नागरिकत्वावर ५ ते ११ अशी कलमं आहेत, तिथेही नाही.

आता कामाचं ऐक. तुझा जन्माचा दाखला, आईचा पासपोर्ट आणि बाबांच्या त्या वर्षीच्या व्हिसाच्या पानाची कॉपी, हे तीन कागद एका फाइलमध्ये ठेव आणि स्कॅन करून दोन ठिकाणी सेव्ह कर. बाबांचं जुनं पान आत्ताच शोधून ठेव, कारण जुने पासपोर्ट लोक घर बदलताना हरवतात आणि मग पुढे कुणी विचारलं तर धावाधाव होते. आणि आधार कार्ड म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नाही बरं का, आधारच्या कायद्यातच तसं लिहिलंय, ते रहिवासी असल्याचं कार्ड आहे. तुझा भारतीय पासपोर्ट बोलतो, आणि रोजच्या व्यवहारात मतदार ओळखपत्र कामाला येतं. मतदार यादीत नाव घातलंस का अजून? नसेल तर या महिन्यात घाल.

कायद्याने विचारण्याच्या जागा तशा थोड्याच आहेत. तू लिहिलंयस की गोव्यात हॉटेलवाल्याने बाकी मित्रांचे आधार घेतले आणि तुझ्याकडे मात्र पासपोर्ट आणि व्हिसा मागितला, आणि तुला तिथल्या तिथे परत फिरावंसं वाटलं. अपमान वाटणारच. पण यामागचं कारण माहीत असू दे, परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलला २४ तासांत सी फॉर्म भरून कळवावं लागतं, नाही कळवलं तर हॉटेलवाला अडकतो. त्यामुळे रिसेप्शनवरचा पोरगा घाबरून विचारतो. त्याला मतदार ओळखपत्र दाखवायचं आणि एवढंच म्हणायचं की मी भारतीय आहे, माझा सी फॉर्म होत नाही. कार्ड बघूनही तो "पण तुम्ही दिसत नाही तसे" म्हणाला तर मात्र मॅनेजरला बोलव. कार्ड दाखवल्यानंतर तो जे विचारतो ते त्याचं स्वतःचं असतं, त्याला सी फॉर्मचा आधार नाही. आणि भारतीय म्हणून ओळख पटल्यावरही केवळ वंशावरून खोली नाकारली तर संविधानाचं कलम १५ आहे, त्यात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचा वेगळा उल्लेख आहे.

वेरूळचं तसंच. पुढच्या महिन्यात तुमची ट्रिप आहे म्हणालास. तिथे भारतीयांना तिकीट ४० रुपये आणि परदेशी माणसाला ६००, त्यामुळे खिडकीवर तुला थांबवतील हे जवळजवळ नक्की. मला इतकी वर्षं झाली तरी थांबवतात. साडी नेसलेली असते, मागे रांग असते, मुलगी हात धरून उभी असते, तिला "ये बेटा" म्हणून आत सोडतात आणि मला इंग्लिशमध्ये "मॅडम, पासपोर्ट". मी मतदार ओळखपत्र खिडकीतून आत सरकवते आणि मराठीत "दोन द्या" म्हणते. खुलासा देत नाही, मूळ गाव सांगत नाही, हसून वातावरण हलकं करायलाही जात नाही. तो कार्ड बघतो, तिकिटं देतो. हे जमायला मला वेळ लागला कारण आधी वाटायचं की मागच्या रांगेला पण सांगायला हवं. रांगेने तिकीट काढायचंय, बाकी त्यांना काही नको असतं.

तिथे गेलाच आहेस तर लेणी बघून झाल्यावर खुलताबादला जाऊन ये, अगदी जवळ आहे. तिथे मलिक अंबरची कबर आहे. शाळेत आपल्याला त्याच्याबद्दल दोन ओळी होत्या फक्त. इथिओपियात १५४८ च्या सुमाराला जन्मलेला मुलगा, गुलाम म्हणून विकला गेला, पुन्हा पुन्हा विकला गेला, दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा सगळा कारभार हातात घेऊन मुघलांना वर्षानुवर्षं अडवून धरलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. खडकी नावाचं गाव त्याने वसवलं, तेच पुढे औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, आणि तिथे डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. ते पाणी पुढे कित्येक पिढ्या प्यायल्या. जंजिऱ्याचे सिद्दी, मूळचे आफ्रिकेतलेच, तर तुला माहीतच आहेत, त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत होतं. कर्नाटकात उत्तर कन्नडच्या जंगलभागात आजही सिद्दी राहतात, कोकणी, कन्नड, मराठी बोलतात, आणि त्यांनाही बाहेरगावी गेलं की लोक विचारतात, कुठल्या देशातून आलात.

हे सगळं मी का सांगतेय तर या मातीत तुझ्यासारखा चेहरा पहिल्यांदाच आलेला नाही हे तुला माहीत असावं म्हणून. पण एक जपून. मलिक अंबरला दाखला म्हणून वापरू नकोस. "आमच्या लोकांनी इथे शहर वसवलंय" असं कुणाला सुनवायचा मोह होतो, मलाही व्हायचा, पण तुझे बाबा १९९० च्या दशकात पुण्यात शिकायला आले, त्यांचा त्या इतिहासाशी संबंध नाही, आणि समजा चारशे वर्षांत आपल्या रंगाचं एकही माणूस या देशात आलेलं नसतं तरी तू तितकाच भारतीय असतास. कर्तबगार पूर्वज असले तरच राहायचा हक्क, हे बाकी कुणाला लावतो का आपण? तुझ्या वर्गातल्या कुठल्या मुलाला त्याच्या पणजोबांनी काय केलं हे विचारून मग बाकावर बसू देतात?

आता त्या गोष्टीकडे येते जी तू मेसेजच्या शेवटी घाईघाईत लिहिलीस आणि मला वाटतं तीच तुला जास्त टोचतेय. लोकलमध्ये त्या टोळक्याने "ए नायजेरियन" म्हणून हाक मारली, तू अस्सल मराठीत त्यांना दोन शिव्या हासडल्यास, सगळा डबा हसला, आणि त्यातला एक म्हणाला, "अरे हा तर आपलाच निघाला, आम्हाला वाटलं खरंच निग्रो आहे." मग त्यांनी सरकून तुला जागा दिली. तू बसलास. आणि घरी गेल्यावर बाबांशी नीट बोलता आलं नाही.

बाळा, तुला वाईट वाटलं याचा मला आनंद आहे, कारण यातलं खरं काय ते तुझ्या मनाने ओळखलंय. त्यांनी तुला जागा दिली ती तू तसा नाहीस हे कळल्यावर. म्हणजे खरंच कुणी नायजेरियाचा विद्यार्थी असता तर ती हाक, तो टोन, सगळं बरोबर होतं, चूक फक्त माणूस ओळखण्यात झाली. आणि तुझे बाबा? ते त्या डब्यात असते तर त्यांना मराठी शिव्या येत नाहीत. त्यांना कुणी जागा दिली नसती. "मी आफ्रिकन नाही हो, मी इंडियन आहे" हे वाक्य आपल्या तोंडातून भीतीपोटी निघतं, माझ्याही आजूबाजूला सगळ्यांच्या तोंडी ऐकलंय, आणि मी कुणालाही त्याबद्दल दोष देणार नाही, जीव वाचवायला म्हणावं लागलं तर नक्की म्हण. २०१७ साली ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावाने मारलं होतं, मॉलमध्ये घुसून मारलं होतं, असल्या वेळी तत्त्वं बघायची नसतात, आधी तिथून सुटायचं. पण धोका नसताना, नुसत्या चार लोकांच्या हसण्यापासून वाचायला ते वाक्य वापरू नकोस. कारण ते म्हणताना तू अर्धा स्वतःला बाजूला ठेवतोस. तू भारतीय आहेस आणि तुझे बाबा आफ्रिकन आहेत, दोन्ही खरं आहे, आणि एक खरं सांगताना दुसऱ्याला लाज वाटावी असं बोलायचं नाही. "भारतीय आहे, आणि कुणालाही अशी हाक मारू नका" एवढं पुरे. यात तू स्वतःची बाजू घेतोस आणि त्या न आलेल्या नायजेरियन मुलाची पण.

दुसरा एक सापळा आहे, तो दिसायला गोड असतो. "अरे वा, मराठी किती छान बोलतोस!" याचा राग सुरुवातीला येत नाही, उलट छान वाटतं. मग हळूहळू आपण जास्तीचं मराठी व्हायला लागतो. ढोलताशा पथकात पहिल्या रांगेत, फेटा सगळ्यात मोठा, म्हणी आणि श्लोक तोंडपाठ, गणपतीच्या आरतीत सगळ्यात वरचा सूर. मी कॉलेजात असताना प्रत्येक कार्यक्रमात मला नऊवारी नेसवून स्टेजवर पुढे उभं करायचे आणि फोटो काढायचे, आमची बघा, दिसते कशी आणि आहे कशी. मला ढोल मनापासून आवडतो, म्हणून वाजवला, आजही मिरवणुकीचा आवाज आला की हात शिवशिवतात. पण फोटोसाठी उभं राहणं मी थांबवलं. तुलाही ढोल आवडत असेल तर खुशाल वाजव, नसेल आवडत तर घरी झोप काढ, मराठी पोरं झोपतातच की सुट्टीच्या दिवशी. तुझं मराठी चांगलं आहे कारण ती तुझ्या आईची भाषा आहे, तुझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात तेच लिहिलंय. त्यात कौतुक कसलं. पुढच्या वेळी कुणी म्हणालं तर म्हण, "तुमचंही छान आहे," आणि हे मनापासून म्हण, टोमणा म्हणून नको. बऱ्याच लोकांना त्या क्षणी आपण काय बोललो ते कळतं.

घरातल्या गोष्टीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, पण मला विचारल्याशिवाय राहवत नाही. तुझ्या सातारच्या आजीकडचं सगळं ठीक आहे का? कारण बाहेरचे देशावरून बोलतात आणि घरचे रंगावरून. मी लहान असताना माझी आजी, जिने मला वाढवलं, जिच्यासारखं प्रेम माझ्यावर कुणी केलं नाही, ती दर रविवारी डाळीचं पीठ, हळद आणि साय कालवून मला घासून काढायची. कोपर, मानेचा मागचा भाग, गुडघे, तिथे जास्त जोर. पाठीवर पाणी ओतताना पुटपुटायची, "जरा उजळेल." तिला माझा राग नव्हता, तिला माझ्या लग्नाची काळजी होती. लग्नाच्या जाहिरातींत "गोरी", "निमगोरी", "गहूवर्णी" असं लिहायचे तो काळ, आणि गोरं करायचं क्रीम १९७५ पासून घराघरात होतं, ज्याच्या नावातलं ते गोरेपण कंपनीने २०२० साली काढलं. म्हणजे हा त्रास आपल्यासारख्या मिश्र मुलांपुरता नाही हे लक्षात घे. तुझी सख्खी मावसबहीण, दोन्हीकडून पक्की सातारकर, तिलाही उन्हात खेळू नको म्हणून सांगतातच. फरक एवढाच की ती सावळी असली तर "काळी" म्हणतात आणि आपण सावळे असलो तर "कुठल्या देशाचे" म्हणतात.

रंग म्हणजे शरीरात काय असतं ते एकदा वाचून काढ, तू सायन्सचाच आहेस. त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य, ऊन जास्त त्या भागात ते जास्त असलेले लोक टिकले कारण ते शरीरातलं फोलेट हे जीवनसत्त्व जपतं, ऊन कमी तिथे त्वचा फिकी झाली कारण ड जीवनसत्त्व बनायला हवं. थोडीशी जनुकं यात मोठा फरक पाडतात, त्यातलं एक एसएलसी२४ए५, त्याचा जो प्रकार युरोपात जवळजवळ सगळ्यांत सापडतो तो भारतातही उत्तर-दक्षिण दोन्हीकडे पुष्कळ लोकांत सापडतो. आणि जनुकांमधली सगळ्यात जास्त विविधता आफ्रिकेतल्याच लोकांत आहे, म्हणजे "आफ्रिकन दिसतो" या दोन शब्दांत जगातला सगळ्यात मोठा फरक असलेली माणसं कोंबली जातात.

याच संदर्भात इरावती कर्वे यांच्याबद्दल तुला सांगायचंय, कारण पुण्यात राहून लोकांना हे माहीत नसतं. त्यांचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला डॉक्टरेट करायला गेल्या आणि त्यांचे गाइड होते ऑयगेन फिशर, ज्याने आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत जाऊन मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेऊन १९१३ मध्ये पुस्तक लिहिलं होतं आणि अशी लग्नं होऊ नयेत असं त्याचं मत होतं. म्हणजे तुझ्या-माझ्यासारख्यांवरच त्याचं करिअर उभं होतं. त्याला सिद्ध करायचं होतं की गोऱ्या युरोपियनांच्या कवटीची ठेवणच वेगळी, म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहून दिलं की वंशाचा आणि कवटीच्या त्या ठेवणीचा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, एकटी बाई, डिग्री त्याच्याच हातात, आणि तरी मोजमाप जे आलं तेच लिहिलं. पुढे त्या इथे डेक्कन कॉलेजात शिकवायच्या. मला हे समजलं तेव्हा मी खूप वेळ खिडकीशी बसून होते, कारण लहानपणापासून जो प्रश्न मला एकटीचा वाटत होता त्याचं उत्तर आपल्याच गावातल्या एका बाईंनी माझ्या आईच्या जन्माआधी देऊन ठेवलं होतं.

हा प्रश्न फक्त आपल्या रंगाचाही नाही. तुझ्या होस्टेलमधली ती मिझोरमची मुलं आहेत ना, त्यांना विचार त्यांना दिवसातून काय काय ऐकावं लागतं. २०१४ च्या जानेवारीत निडो तानिया नावाचा अरुणाचलचा विद्यार्थी दिल्लीत केसांवरून चिडवण्यातून झालेल्या मारहाणीत गेला, त्यानंतर सरकारने बेझबरुआ समिती नेमली होती. ज्वाला गुट्टा, आपल्या वर्ध्यात जन्मलेली, बाबा तेलुगू, आई चिनी, तिने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत अश्विनी पोनप्पाबरोबर भारताला सुवर्ण मिळवून दिलं आणि तरी तिला चेहऱ्यावरून चिडवलं गेलं, तिने स्वतः हे जाहीरपणे सांगितलंय. आणि अजून मागे गेलास तर १९६२ च्या युद्धानंतर आसाम, दार्जिलिंग भागातल्या चिनी वंशाच्या सुमारे ३००० लोकांना रेल्वेत भरून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं होतं, त्यात इथेच जन्मलेले, इथलीच भाषा बोलणारे होते, लहान मुलं होती, काही जण वर्षानुवर्षं आत राहिले. चेहऱ्यावरून देश ठरवायची सवय सरकारला लागली की काय होतं ते यात दिसतं. म्हणून मी म्हणते, चिडवणं हसण्यावारी नेऊ नकोस, स्वतःचंही आणि त्या मिझो मुलांचंही. त्यांना कुणी काही म्हटलं आणि तू तिथे असलास तर बोल. आपल्या बाजूने तेव्हा कुणी बोललं असतं तर किती बरं वाटलं असतं हे आपल्याला माहीत आहे.

पोलिसांबद्दल विचारलंयस, ते नीट वाच. रात्री गाडीवरून येताना तुला इतरांपेक्षा जास्त वेळा थांबवतील आणि ड्रग्जचं विचारतील, हे अन्यायाचं आहे आणि तरी होणार आहे. पळू नकोस, हात दिसतील असे ठेव, मराठीत सावकाश बोल, लायसन्स दाखव. डिजिलॉकरमधलं लायसन्स चालतं. नावाची पट्टी वाचून घे. अंगझडती घ्यायची म्हणाले तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती व्हावी अशी मागणी करायचा तुला हक्क आहे, तो हक्क आहे हे सांगणं त्यांचंच काम आहे, पण ते नाही सांगितलं तर तू सांग, आवाज न चढवता. हे अंगाच्या झडतीपुरतं आहे, बॅगेला लागू नाही, म्हणून बॅग कुणाच्याही हातात देत जाऊ नकोस आणि कुणाचं पार्सल घेऊ नकोस, अगदी मित्राचंही. अटक केली तर कारण सांगावं लागतं, वकिलाशी बोलू द्यावं लागतं, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं. माझा नंबर पाठ कर, फोनमध्ये असून उपयोग नाही, फोन काढून घेतात.

बाबांच्या देशाबद्दल थोडं. तू दार-ए-सलामला गेलास तेव्हा तिथली चुलत भावंडं तुला "म्हिंदी" म्हणायची, म्हणजे भारतीय, आणि तुला वाटलं आपण कुठलेच नाही. मी खार्टूमला गेले होते तेव्हा मलाही अगदी असंच वाटलं होतं. पण तिथली नाती चिडवण्यावर संपली नाहीत. माझ्या आत्याने मला तिच्याशेजारी झोपवलं आणि बाबांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, मला निम्म्याच कळल्या कारण मला तेवढी अरबी येत नव्हती, मग मी परत येऊन शिकले. तू स्वाहिली शीक. बाबा घरी आहेत, फुकट शिकवणी आहे, रोज जेवताना त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोल. ते इतकी वर्षं तुमच्यासाठी मराठी-हिंदी-इंग्लिश बोलतायत, स्वतःच्या घरात स्वतःच्या भाषेत त्यांना कुणी उत्तर देत नाही. कुणाला पटवायला म्हणून नको, त्यांच्यासाठी शीक. आणि गॅदरिंगला त्यांना बोलवायचं की नाही असा विचार चालला आहे असं तुझी आई फोनवर म्हणाली. बोलव. लोक पहिली पाच मिनिटं बघतील, मग नाटक सुरू होईल.

राहिला फ्लॅटचा प्रश्न. ब्रोकरने फोनवर हो म्हटलं आणि तुला बघून "ओनर फॅमिलीला देणारेत" म्हणाला, हे दुसऱ्यांदा झालंय. यावर लगेच चालेल असा कायदेशीर उपाय माझ्याकडे नाही, खोटं सांगणार नाही, खाजगी मालकाला भाडेकरू निवडण्यापासून अडवणं आपल्याकडे फार अवघड आहे. म्हणून रस्ता वेगळा काढू. ब्रोकर सोड, ओळखीतून शोधू. माझ्या एका अशिलाचा कर्वेनगरला दोन खोल्यांचा फ्लॅट रिकामा होतोय, मी तुझ्याबद्दल त्यांना सांगितलंय, बाबा टांझानियाचे आहेत हेही सांगितलंय, ते म्हणाले मुलाला घेऊन या. रविवारी अकराला ये. पोलीस व्हेरिफिकेशनसाठी दोन फोटो आणि ओळखपत्राची कॉपी लागेल, करार ११ महिन्यांचा, त्याचा ड्राफ्ट ते शुक्रवारपर्यंत मला पाठवणार आहेत, आला की तुला फॉरवर्ड करते. डिपॉझिट परत कधी आणि कसं मिळणार ते कलम नीट वाचून ये, बाकी आपण तिथे बसून बघू.

तुझी,
मावशी